राहू दे तिथंच

“या झाडानं माझ्यावर डूख धरलाय, लेलंड. एवढं रान मोकळं पडलंय, पण माझी तबकडी आली रे आली की हे नेमकं आडवं येतं.”

“झाड आपल्या जागेवर आहे. तूच त्याच्याकडे जातोस.”

“तीस वर्षं शाळेची बस चालवली, एका झाडाला खरचटू दिलं नाही. आणि म्हातारपणी हे नशीब!”

मार्व कुबियाक ओकच्या बुंध्याशी वाकून गळलेल्या पानांत आपली तबकडी शोधू लागले. पानं तांबूस आणि तबकडीही तांबडी, त्यामुळे ते काम सोपं नव्हतं. लेलंड स्टेनरूड बुटाच्या टोकानं पानं उलटीपालटी करत त्यांना मदत करत होते. मारिट, लेलंडची मुलगी, थोडी मागं, जिथून तबकडी फेकायची त्या काँक्रीटच्या फरशीवर कोटाच्या खिशांत हात घालून उभी होती. ती मार्वच्या गुडघ्याची वाट बघत होती. दर शनिवारी पार्कातल्या खांबांवरच्या निम्म्या टोपल्यांत तबकड्या टाकून झाल्या की मार्वचा गुडघा कुरकुरायला लागायचा आणि ते घरी जायचे. आज तो गुडघा अजून गप्प होता.

मारिटला वडिलांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती मार्वच्या देखत सांगण्यासारखी नव्हती. तिचा भाऊ कॉरी गेला होता. गुरुवारी तिला ते कळलं. शुक्रवारी शहरात जाऊन ती त्याला बघूनही आली. आज शनिवार होता आणि लेलंडना अजून काही ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी अंत्यविधीवाल्यांची गाडी त्याला आणायला निघणार, म्हणजे दुपारपर्यंत गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच असणार.

घरी सांगता आलं नव्हतं. घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टेलिफोन होता आणि टेलिफोनसमोर लेलंडची खुर्ची. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हे सांगायला तिची जीभ रेटली नव्हती.

“सापडली!” मार्व कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “जिवंत आहे.”

त्यांनी तबकडी पॅंटला पुसली आणि टोपलीच्या दिशेनं भिरकावली. ती टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्यांच्या वरून निघून गेली. लेलंडनी फेकण्याआधी उजवा खांदा एकदा फिरवून बघितला, जुन्या दाराची कडी हलवून बघावी तसा. त्यांची तबकडी साखळ्यांना लागून टोपलीत पडली. त्यांनी ती काढून पिशवीत ठेवली तेव्हा मार्वनी पिशवीत डोकावून पाहिलं.

“एवढ्या पिवळ्याधमक कशाला रे? दुकान मांडतोयस काय?”

“शहरासाठी आहेत. बर्फ पडायच्या आत एकदा जाऊन येईन म्हणतो. पुढच्या शनिवारी.”

“या पानांत पिवळी दिसायची?”

“दिसेल. अंधारातसुद्धा चमकते, दुकानदार म्हणाला.”

“दुकानदाराचं काय जातंय! मला म्हणाला होता, ही तांबडी कधी हरवणार नाही.” मार्व जरा थांबले. मग दुसरीकडे बघत म्हणाले, “मी येतो गाडी चालवायला. तुझी नजर पहिल्यासारखी राहिली नाही.”

“नजरेला काय धाड भरलीय?”

“मागं माझ्याच कुंपणात घातलीस गाडी.”

“कुंपण तू पुढं सरकवलं होतंस.”

मारिट दोघांच्या पुढं चालू लागली.

या खेळात प्रत्येक जण आपल्या तबकडीच्या पोटाशी पक्क्या शाईनं नाव आणि टेलिफोन नंबर लिहून ठेवतो. तबकडी झाडीत जाते, पाण्यात जाते, पानांखाली जाते. आज ना उद्या ती दुसऱ्या कुणाला तरी सापडते, आणि ज्याला सापडते तो त्या नंबरावर फोन करतो. न करणारेही असतात, पण बाकीचे खेळाडू त्यांच्याबद्दल जे बोलतात ते इथले शेतकरी वासरू चोरणाऱ्याबद्दलही बोलत नाहीत. मारिटची आई आर्लीन या खेळाला हसायची. “झाडांत ताटल्या भिरकवायच्या आणि मग दिवसभर त्या हुडकत फिरायचं. त्यापेक्षा माझ्या ताटल्या घासा की.” पण असा फोन आला की पेन घेऊन तीच धावायची.

लेलंडनी जन्मभर दूध काढायची यंत्रं दुरुस्त केली. फोन वाजला की निघायचं, हीच त्यांची नोकरी होती. पंप बंद पडला आणि गाई ताठलेली कास घेऊन उभ्या राहिल्या, की कुठलाही शेतकरी वेळकाळ बघत नसे. लहानपणी कॉरी हट्टानं बरोबर जायचा. लेलंड गोठ्यात काम करायचे आणि तो गाडीच्या पुढच्या सीटवर पांघरुणात झोपायचा. परतताना उजाडलेलं असायचं. मग घरी जायच्या आधी बापलेक इथं पार्कात थांबून दवातच खेळत. कॉरीच्या हाताला ईश्वरी देणं होतं. नदीच्या वळणावरच्या टोपलीसाठी बाकीचे काठाकाठानं जपून जात. तो तबकडी सरळ पाण्यावर सोडायचा आणि ती पलीकडून वळून, बोलावल्यासारखी, काठावर परत यायची.

पुढं तो एका गोठ्याच्या माळ्यावरून पडला. पाठ दुखावली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा गोळ्यांहून वाईट होती ती सुई आली. विस्कॉन्सिनच्या त्या भागात हे इतक्या घरांत झालं होतं की कुणी खोदून विचारत नसे. आर्लीनचा कर्करोग हाडांत उतरला त्या हिवाळ्यात कॉरी शेवटचा घरी होता. एका रविवारी तिच्या वेदनेच्या गोळ्यांची बाटली आणि तो, दोन्ही घरातून नाहीसे झाले. दवाखाना बंद, औषधांचं दुकान बंद. सोमवार उजाडेपर्यंत आर्लीननं काय काढलं त्याबद्दल लेलंड पुढं कधी बोलले नाहीत, मारिटही बोलली नाही. आर्लीनच तेवढी सकाळी म्हणाली, “त्याला म्हणावं, मी रागावले नाही.”

हे सांगायला कॉरी भेटलाच नाही. आईच्या दफनालाही तो आला नाही.

मग कुणीतरी बातमी आणली, की शहरात नदीकाठच्या पार्कात तंबू ठोकून राहणाऱ्यांपैकी एक जण अनवाणी पायांनी खेळत होता आणि तबकडी पाण्यावरून वळवून आणत होता. लेलंड गेले, तंबू न् तंबू फिरले. तो सापडला नाही. तेव्हापासून ते तबकड्या ठेवू लागले. शहरातल्या पार्कांत, आसपासच्या गावांतल्या पार्कांत जायचं, खेळायचं आणि निघताना एखादी मागं सोडून यायची. पोटाशी नाव आणि घरचा नंबर. दुसरं काही नाही.

मारिट एकदा म्हणाली होती, “बाबा, नंबर त्याला लहानपणापासून पाठ आहे.”

“पाठ असणं निराळं. डोळ्यांसमोर असणं निराळं.”

अडचण एवढीच होती, की जगात भली माणसं फार. फोन येऊ लागले. घंटा वाजली की लेलंड उठत, घसा साफ करत आणि रिसीव्हर उचलत. पलीकडून कुणीतरी आनंदानं सांगे, तुमची केशरी तबकडी सापडली बरं का! “राहू दे तिथंच,” लेलंड म्हणत. “होती तिथं ठेवून दे. फार आभार.” कुणी म्हणे, अहो, पोस्टानं पाठवतो. कुणी म्हणे, मी त्याच बाजूला निघालोय. शहरातल्या खेळाडूंच्या मंडळानं तर खपून त्यांच्या सगळ्या तबकड्या गोळा केल्या, धुतल्या, पुसल्या आणि खोक्यात भरून, वर शुभेच्छांचं कार्ड लावून, घरी पाठवून दिल्या. लेलंडनी मंडळाला आभाराचं पत्र लिहिलं. मग खोकं गाडीत टाकलं, तीन तास गाडी हाकत शहर गाठलं आणि एकेक तबकडी पुन्हा होती तिथं ठेवली. तिकडचे खेळाडू त्यांना ‘राहू दे’वाला म्हातारा म्हणू लागले.

मारिटला कधी कधी वाटे, लोक जरा कमी प्रामाणिक असते तर या माणसाला दर घंटेला उठून कुणाचे तरी आभार मानावे लागले नसते.

“झालं,” मार्व लाकडी पुलाच्या कठड्याला टेकून म्हणाले. “गुडघ्यानं नोटीस दिली. पलीकडच्या टोपल्या तुम्हा तरुणांना.”

“आम्ही येतो गाडीपर्यंत,” लेलंड म्हणाले.

“काही नको. मी काय नववधू आहे पोहोचवायला? मारिट, याला जिंकू देऊ नकोस. सोमवारी कॉफीला येतो आणि सगळा हिशेब घेतो.”

“या, मार्व,” मारिट म्हणाली. सोमवारी ते येतील तेव्हा काय घेऊन येतील, हे तिला दिसत होतं. त्यांची बायको मेरी अ‍ॅन काहीतरी भाजून देईल, दुखवट्याच्या घरी देतात तसं, वरून कापड झाकलेलं.

बापलेक पूल ओलांडून गेले. पलीकडं नदी जवळ होती, झाडं दाट होती आणि वारा पानांना एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ढकलत होता. लेलंडनी फेकलं, मारिटनं फेकलं. तिची तबकडी लवकर खाली आली.

“मनगट कुठं आहे तुझं आज?”

“आहे.”

“मग लाव की कामाला.”

गुरुवारी लेलंड शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होते. फोन वाजला तेव्हा ते उतरेपर्यंत बंद पडेल म्हणून मारिटनं घेतला. एका बाईनं विचारलं, हा एल. स्टेनरूड यांचाच नंबर का. मारिट एका हातानं चमचे पुसत होती. सवयीनं ती म्हणाली, “हो. तबकडी सापडली ना? राहू दे तिथंच. आभारी आहे.”

पलीकडून ती बाई म्हणाली, “तबकडी आहेच. पण ती ज्याच्याजवळ सापडली त्याच्याबद्दल बोलायचं होतं. तुम्ही बसलेल्या आहात का? मी शवागारातून बोलतेय.”

बाहेरून लेलंडनी ओरडून विचारलं, “कुणाचा गं?”

मारिट ओरडली, “तबकडी सापडलीय कुणाला तरी!”

“सांगितलंस ना?”

“सांगितलं!”

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या कामाचं निमित्त काढून ती शहरात गेली. ती वाचनालयात नोकरी करत होती म्हणून ते खपलं. कॉरीला पाहिल्यावर एका माणसानं तिला कागदी पिशवी आणून दिली. तिच्यात लोकरीचे मोजे होते, एक चमचा होता, आणि हिरवी तबकडी. पार्किंगमध्ये गाडीत बसून तिनं ती उलटी केली. कड खरवडून खरवडून मऊ झाली होती. पोटाशी वडिलांचं नाव पुसून नुसती सावली राहिली होती. नंबर मात्र काळाभोर होता. लेलंडच्या आकड्यांवरून कुणीतरी पुन्हा आकडे गिरवले होते, एकदा नाही, अनेकदा, शाईवर शाई चढली होती. आणि सातच्या पोटात आडवी रेघ होती. तशी रेघ लेलंड काढत नसत. तसा सात घरात एकटा कॉरी काढायचा.

म्हणजे तबकडी त्याला सापडली होती. त्यानं ती सांभाळली होती. नंबर पुसू दिला नव्हता. आणि त्यानं फोन केला नव्हता.

परतीच्या वाटेवर मारिटनं ठरवलं होतं, कॉरी गेला एवढं सांगायचं. तबकडीचं सांगायचं नाही. ओळख ठशांवरून पटली म्हणायचं. तो तुरुंगात जाऊन आला होता, तेव्हा हे कुणालाही पटण्यासारखं होतं.

टोपली आता समोर दिसत होती. लेलंडची तबकडी टोपलीपासून बऱ्याच अंतरावर पडली होती. त्यांनी ती उचलली, पाय जिथं ठेवायचा तिथं ठेवला आणि खांदा फिरवला.

“बाबा,” मारिट म्हणाली. “गुरुवारचा फोन तबकडीसाठी नव्हता.”

ते तसेच उभे राहिले. हात मागं गेलेला होता.

“कॉरी गेला, बाबा.”

लेलंड टोपलीकडं बघत होते. मग त्यांनी तबकडी फेकली. हातात होती ती कुठंतरी जायला हवी, म्हणून फेकल्यासारखी. ती अर्ध्या वाटेत गवतावर पडली.

“थंडीनं?” त्यांनी विचारलं.

“नाही. तेच. तंबूत. झोपेतच गेला, असं म्हणाले.”

“काल तू वाचनालयाच्या कामाला गेली नव्हतीस.”

“नाही.”

“एकटी गेलीस.”

“हो.”

“मला न्यायचं होतंस गं.” आवाजात राग नव्हता. “कसा दिसत होता?”

“दाढी वाढवली होती. आजोबांसारखा दिसत होता. तुमच्या वडिलांसारखा.”

“बारीक झाला होता?”

“हो.”

लेलंडनी मान हलवली. वाऱ्यानं पानांचा एक लोट त्यांच्या बुटांवर आणून टाकला. तो पुढं जाईपर्यंत ते त्याकडं बघत राहिले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. तो येणार हे मारिटला कालपासून माहीत होतं.

“त्यांना आपला नंबर कसा कळला?”

“बोटांच्या ठशांवरून. नोंद होती ना त्याची.”

“हां. नोंद होती.” त्यांनी मान वळवून नदीकडं पाहिलं. “म्हणजे त्याला एकही सापडली नाही.”

मारिटनं हात कोटाच्या खिशांत घातले.

“सापडली असती तर त्यानं फोन केला असता. आर्लीनचा निरोप तरी कानावर पडला असता त्याच्या.” लेलंड मान खाली घालून बोलू लागले. पोटातलं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते कुणाला तरी यंत्रातला बिघाड समजावून सांगितल्यासारखं बोलत होते. “मी कुठं ठेवल्या? वाटेवर. बाकांजवळ. टोपलीच्या आसपास. जिथं चार माणसं फिरतात तिथं. ज्यांना टेलिफोन करायचा नव्हता त्या सगळ्यांना दिसतील अशा. त्यांनी बिचाऱ्यांनी केले. आणि तो वाटेनं चालणारा होता का? तो काठाकाठानं, झुडपांतून जाणारा. लहानपणापासून. मला ठाऊक नव्हतं का हे? मला सगळं ठाऊक होतं. पण मी माझ्या सोयीनं ठेवल्या. गुडघाभर चिखलात उतरलो असतो तर—”

“बाबा.”

“मी उतरलोच नाही, मारिट. बूट खराब होतात म्हणून.”

“बाबा, पुरे.”

“त्याच्या हाताच्या अंतरावर एकसुद्धा ठेवता आली नाही मला. इतकी वर्षं. मूर्खासारखं लोकांना म्हणत बसलो, राहू दे तिथंच—”

मारिटनं काल परतताना गाडीत सगळं ठरवलं होतं, फक्त हे धरलं नव्हतं. तिला वाटलं होतं, मुलाला तबकडी सापडली नाही असं मानलं तर बापाला झोप लागेल. या माणसाला लागणार नव्हती. तो आता उरलेल्या दिवसांत रोज मनानं त्या नदीच्या काठानं चिखलात उतरणार होता.

“त्याच्याकडं होती,” ती म्हणाली.

लेलंड थांबले.

“एक होती त्याच्याजवळ. सामानात. त्यावरूनच त्यांनी फोन केला. ठशांचं मी खोटं सांगितलं.”

नदीवर बदकं उतरली आणि पुन्हा उडाली.

“रंग कुठला?” लेलंडनी विचारलं.

“हिरवा.”

“हिरवी मी एकच ठेवली होती. वसंतात. गवत उगवायच्या आत, म्हणून दिसेल म्हटलं.” त्यांनी हिशेब केला. तो तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, आणि उत्तर आलं तेही दिसलं. “तीन वर्षं झाली त्याला.”

“हो.”

“कड कशी आहे?”

“खरवडलेली. मऊ झालीय अगदी.”

“खेळत होता म्हणजे.”

“खेळत होता.”

“मग नंबर पुसला असेल,” लेलंड म्हणाले. ते घाईनं म्हणाले, बुडणाऱ्यानं फांदी धरावी तसे. “खेळून खेळून पुसतोच. वर्षभरात जातो. दिसलाच नसेल त्याला.”

इथं ती हो म्हणू शकली असती. पण तबकडी गाडीच्या मागच्या भागात होती आणि आज ना उद्या ते ती हातात घेणार होते. पिवळी, केशरी, हिरवी, प्रत्येकीवर स्वतःच्या हातानं काढलेले आकडे ते शेवटच्या फाट्यापर्यंत ओळखत होते.

“पुसला नव्हता, बाबा. त्यानं गिरवला होता. वरून. पुष्कळदा.”

“त्यानंच?”

“सातला रेघ आहे.”

लेलंडनी उजवा हात वर केला आणि बोटानं हवेत एक लहानशी आडवी रेघ ओढली, कुणाला दाखवायला नाही, आपलं आपल्यालाच. मग हात खाली घेतला.

“त्याला फोन करायचा नव्हता,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणीतरी करावा, वेळ येईल तेव्हा. एवढ्यासाठी ठेवला होता.”

हाच विचार मारिटच्या मनात काल पार्किंगमध्ये आला होता. तेच आकडे शाईत पुन्हा पुन्हा भिजवणारा भाऊ तिला दिसला होता आणि तो कशासाठी ते करत होता हेही तिला दिसलं होतं. हा विचार आपल्यापाशीच राहावा, एवढीच तिची इच्छा होती. त्यांना तो शोधायला जरासुद्धा वेळ लागला नाही.

“तसंच काही नाही, बाबा. आपल्याला काय माहीत—”

“नाही. त्यानं नीट केलं. चोख केलं.” लेलंडनी घसा साफ केला. “आपल्याला शोधत बसावं लागू नये म्हणून.”

तिनं त्यांच्या बाहीला हात लावला. त्यांनी तो राहू दिला.

मागून हाक आली. “सर, सावकाश होऊ द्या! आम्ही थांबतो.”

फरशीवर तिघं उभी होती. दोन मुलगे आणि एक उंच, वेणीवाली मुलगी. किती वेळ उभी होती कोण जाणे. हातात तबकड्या घेऊन, पाय हलवत, आपण ऐकत नाही हे दाखवायला झाडांच्या शेंड्यांकडं बघत होती.

लेलंडनी हात वर केला. “या, तुम्ही पुढं जा.”

“नाही हो, आम्हाला घाई नाही.”

“आम्हालाही नाही. या.”

हळू खेळणाऱ्यानं मागच्यांना वाट द्यायची ही तिथली रीत. लेलंड आणि मारिट बाजूला झाले, वाढलेल्या गवताच्या कडेशी. पहिल्या मुलानं फेकलं, दुसऱ्यानं फेकलं. मुलीची तबकडी उंच गेली, उजवीकडं झुकली आणि शांतपणे टोपलीजवळ येऊन बसली.

“सुरेख,” लेलंड म्हणाले.

मुलगी हसली. तिघं त्यांच्यासमोरून गेली, थँक यू सर, थँक यू मॅडम म्हणत. मैदानाच्या मध्यावर लेलंडची तबकडी पडली होती तशीच होती. मुलांनी तिला पाय लागणार नाही असा वळसा घातला. थोड्या वेळानं साखळ्या वाजल्या आणि तिघं पुढच्या टोपलीकडं दिसेनाशी झाली.

मारिटनं पिशवी खांद्याला लावली. “चला, बाबा. घरी जाऊ.”

लेलंड हलले नाहीत. फरशीवर आणखी दोघं जण आली होती, मध्यम वयाचं जोडपं, बरोबर कुत्रं.

“तुमचं व्हायचंय ना?” बाईनं विचारलं.

“तुम्ही व्हा पुढं,” लेलंड म्हणाले.

त्या दोघांनी फेकलं, आभार मानले, गेली. त्यांच्या मागून चौघं आली. शनिवार होता, ऊन पडलं होतं, बर्फाच्या आधीचे हे शेवटचे चांगले दिवस, त्यामुळे सारा गाव बाहेर पडला होता. मारिटनं पुन्हा हाक मारली नाही. ती त्यांच्या शेजारी उभी राहिली. एकामागून एक माणसं येत होती, थबकत होती, विचारत होती, आणि फेकून पुढं जात होती. लेलंड गवताच्या कडेला, कुणाच्या वाटेत पाऊल येणार नाही असे, हात सरळ खाली सोडून उभे होते आणि प्रत्येकाला स्वच्छ आवाजात म्हणत होते, “सुरेख.”